दोन विमानतळांमधलं अंतर: एक्सेलमध्ये एक जोडी जुळते, दुसरी ५० किमीने चुकते

नकाशावेडा

नमस्कार मंडळी,

ऑफिसच्या विमानप्रवासांमुळे वर्षभरात किती कार्बन उत्सर्जन झालं, याचा हिशोब माझ्याकडे आलाय. त्यासाठी विमानतळांच्या चाळीसेक जोड्यांमधलं अंतर हवंय. तयार आकडे देणाऱ्या साइट्स भरपूर आहेत, पण मला ते स्वतः काढायचं होतं. जो आकडा मी सहीनिशी देणार, तो कुठून आला हे मला सांगता आलं पाहिजे.

एक्सेलमध्ये नेहमीचं सूत्र टाकलं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, त्यात मिळवायचा दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन. जे येईल त्याचा एकॉस (ज्या कोनाचा कोसाइन तेवढा आहे तो कोन) काढायचा आणि पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने, म्हणजे ६,३७१ ने गुणायचं. अक्षांश-रेखांश त्या त्या देशाच्या अधिकृत वैमानिकी माहितीपत्रकातूनच घेतलेत. पश्चिम आणि दक्षिण ऋण धरलंय.

पहिली जोडी लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके. हीथ्रो ५१.२८३९, –०.२७४१. जेएफके ४०.३८२३, –७३.४६४४. उत्तर आलं ५,५५५.५ किमी. साइटवर ५,५५४. दीड किलोमीटरचा फरक! जाम खूश झालो.

दुसरी जोडी सिडनी ते सँटियागो. सिडनी –३३.५६४६, १५१.१०३८. सँटियागो –३३.२३३४, –७०.४७०८. माझं उत्तर ११,४१० किमी, साइटवर सुमारे ११,३६०. इथे एकदम ५० किमी जास्त.

सूत्र तेच, शीट तीच. एक जोडी जुळते म्हणजे सूत्र बरोबर असणार. मग दुसरी का चुकते? तीन दिवस झाले, काही सुचत नाहीये.

उत्तरायण

अंशांचे रेडियन केलेत ना? एक्सेलमधली त्रिकोणमितीची सगळी फंक्शन्स रेडियन मागतात.

नकाशावेडा

हो, केलेत. ते राहिलं असतं तर लंडनचं उत्तरही भलतंच आलं असतं.

गणिताच्या_बाई

सूत्र बरोबर आहे. गोलावरच्या त्रिकोणाचा कोसाइन नियम तो हाच. तरी एकदा हॅव्हरसाइनने करून बघा. कोसाइनच्या सूत्राचा एक जुना दोष आहे. दोन ठिकाणं जवळजवळ असली की कोसाइन १ च्या अगदी लगत जातो. एक किलोमीटर अंतराचा कोसाइन १ पेक्षा जेमतेम आठ कोटींत एका भागाने कमी असतो. सात अंकी कोष्टकात तो सरळ १ दिसायचा आणि अंतर शून्य यायचं. म्हणून समुद्रावरच्या लोकांनी हॅव्हरसाइन जवळ केला. आताच्या एक्सेलला पंधरा अंकांपर्यंत अचूकता असते, त्यामुळे इतका त्रास होत नाही. पण दोन्ही सेलमध्ये एकच विमानतळ आला आणि राउंडिंगमुळे कोसाइन १ च्या केसभर वर गेला, तर एकॉस एरर देतो. हॅव्हरसाइनमध्ये ते होत नाही.

करायचं असं. अक्षांशांच्या फरकाच्या निम्म्याचा साइन काढून त्याचा वर्ग करा. रेखांशांच्या फरकाच्या निम्म्याच्या साइनचाही वर्ग करा आणि त्याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणा. दोन्हींची बेरीज, तिचं वर्गमूळ, त्याचा एसाइन, गुणिले दोन, गुणिले त्रिज्या.

नावाचंही सांगून टाकते, कारण मला ते फार आवडतं. हॅव्हरसाइन म्हणजे अर्धी व्हर्स्ड साइन. व्हर्स्ड साइन म्हणजे १ वजा कोसाइन, आणि तिला आपल्याकडे उत्क्रमज्या म्हणत. सूर्यसिद्धान्तात 'ज्या' म्हणजे साइनच्या सारणीबरोबर उत्क्रमज्यांची सारणीही आहे. खुद्द 'साइन' हा शब्दसुद्धा 'ज्या'पासूनच निघालाय. 'ज्या'चं जीवा झालं, अरबीत ते जैब म्हणून वाचलं गेलं, आणि जैब म्हणजे खोळ किंवा खाडी असं समजून लॅटिनमध्ये त्याचं सायनस झालं. तुमच्या सेलमध्ये बसलेलं ते फंक्शन इतका प्रवास करून आलंय.

नकाशावेडा

बाई, वाचून फार छान वाटलं. हॅव्हरसाइनने करून पाहिलं. दोन्ही जोड्यांची उत्तरं जशीच्या तशी आली, ५,५५५.५ आणि ११,४१०. म्हणजे दोष सूत्रात नाही.

वाटसरू७

माझा अंदाज, पृथ्वी गोल धरल्याने हे होतंय. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे. विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८.१ किमी, ध्रुवीय ६,३५६.८, म्हणजे दोहोंत एकवीस किलोमीटरचा फरक. गोल धरला की अंतरात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक येऊ शकते असं वाचलंय. तुमचे ११,३६० पैकी ५० म्हणजे ०.४४ टक्के. मर्यादेत बसतं. मी तुमच्या जागी असतो तर फाइल बंद केली असती.

नकाशावेडा

हे पटतंय. लंडन-न्यूयॉर्कच्या बाबतीत योगायोगाने फरक कमी असेल. मग जोड्यांच्या यादीखाली 'अर्धा टक्का कमी-जास्त' अशी टीप टाकतो.

भूमापक

थांबा, टीप टाकू नका. चूक मर्यादेत बसते म्हणून ती त्याच कारणाने झालीय असं होत नाही. तिची दिशाही बघा.

सिडनी-सँटियागो मी दोन्ही प्रकारे काढलं. ६,३७१ त्रिज्येच्या गोलावर येतात ११,३४० किमी. डब्ल्यूजीएस ८४ या चपट्या गोलावर, म्हणजे जीपीएस जो आकार वापरतं त्यावर, येतात सुमारे ११,३६२. गोल धरल्याने या जोडीत उत्तर २२ किमी कमी यायला हवं होतं. तुमचं ५० जास्त आलंय. म्हणजे तुमच्या आकड्यात गोलामुळे आलेली २२ ची तूट आहेच, आणि त्यावर कुठून तरी ७० किमी वाढलेत. ते ७० पृथ्वीच्या आकारातून येणं शक्य नाही.

लंडन-न्यूयॉर्कही तसंच. गोलावर ते ५,५३९.५ यायला हवं. तुमचं ५,५५५.५ आलंय, म्हणजे बरोबर १६ किमी जास्त. साइटशी जुळलं म्हणून तुम्हाला ते खरं वाटलं, पण गोलाच्या सूत्राने ते जुळायलाच नको होतं! मला तर या जोडीचीच जास्त शंका आहे.

गणिताच्या_बाई

भूमापक, अगदी बरोबर बोललात. मी नुसतं सूत्राकडेच बघत बसले.

काटेकोर

सापडलं. पहिल्या पोस्टमधले आठ आकडे पुन्हा बघा आणि दशांश चिन्हानंतरच्या अंकांच्या दोन-दोनच्या जोड्या पाडा.

५१ पुढे २८, ३९. ० पुढे २७, ४१. ४० पुढे ३८, २३. ७३ पुढे ४६, ४४. ३३ पुढे ५६, ४६. १५१ पुढे १०, ३८. ३३ पुढे २३, ३४. ७० पुढे ४७, ०८.

सोळा जोड्या आहेत आणि एकही ५९ च्या वर नाही. हे खरे दशांश असते तर ६० ते ९९ मधली एखादी जोडी दिसायलाच हवी होती, दहात चारदा तरी. सोळाच्या सोळा साठच्या आत म्हणजे ती मिनिटं आणि सेकंद आहेत.

माहितीपत्रकात हीथ्रो ५१२८३९ उत्तर असं सलग छापलेलं असतं. ते वाचायचं ५१ अंश २८ मिनिटं ३९ सेकंद. तुम्ही दोन अंकांनंतर दशांश चिन्ह ठेवलंत. खरं दशांश रूप काढायला मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३,६०० ने भागायचं आणि दोन्ही अंशांत मिळवायचं. हीथ्रोचा अक्षांश ५१.४७७५ होतो. तुमच्या ५१.२८३९ पेक्षा जवळजवळ ०.१९ अंश जास्त. म्हणजे तुमचा हीथ्रो खऱ्या जागेच्या एकवीस-बावीस किलोमीटर दक्षिणेला गेलाय.

नकाशावेडा

काय सांगताय! अगदी तसंच केलंय मी. सलग आकडा दिसला आणि हात आपोआप टिंब देऊन गेला. तीन दिवस सूत्र तपासत होतो, सेलमधल्या आकड्यांवर एकदाही शंका घेतली नाही, कारण ते अधिकृत पत्रकातून घेतले होते.

सगळे बदलले. हीथ्रो ५१.४७७५, –०.४६१४. जेएफके ४०.६३९७, –७३.७७८९. सिडनी –३३.९४६१, १५१.१७७२. सँटियागो –३३.३९२८, –७०.७८५६.

आता सिडनी-सँटियागो ११,३४० येतं, भूमापक यांनी सांगितलं तेच. लंडन-न्यूयॉर्क ५,५३९.५.

म्हणजे लंडनची जोडी चुकीच्या आकड्यांनी साइटशी जुळत होती, आणि बरोबर आकडे टाकल्यावर जुळेनाशी झाली. दोन वेगवेगळ्या चुकांनी एकमेकींना झाकलं. पहिलीच जोडी अशी निघाली म्हणून मी इतका बिनधास्त होतो. काटेकोर, भूमापक, तुमचे मनापासून आभार.

काटेकोर

आनंद झाला. आता शीटला एक चाचणी कायमची लावून ठेवा. एक बिंदू शून्य अक्षांश, शून्य रेखांश. दुसरा शून्य अक्षांश, ९० रेखांश. ६,३७१ च्या गोलावर उत्तर १०,००७.५ किमी यायलाच हवं. मग दुसरा बिंदू उत्तर ध्रुव धरा, तरी तेच यायला हवं. विमानतळाचे आकडे घालण्याआधी हे करायचं, कारण याचं उत्तर कागदावरही काढता येतं, कुठल्या साइटशी जुळवत बसावं लागत नाही.

वाटसरू७

माझा अंदाज चुकला. फाइल बंद करायचा सल्ला मागे घेतो. पण मग उरलेले १५ किमी, ते तरी पृथ्वीच्या आकाराचेच ना?

भूमापक

हो, ते मात्र पूर्णपणे आकाराचे.

पृथ्वी ध्रुवांकडे चपटी, म्हणजे तिथला पृष्ठभाग कमी वक्र. तिथला एक अंश पार करायला जास्त चालावं लागतं. विषुववृत्तापाशी अक्षांशाचा एक अंश ११०.५७ किमीचा असतो, ध्रुवापाशी १११.६९. ६,३७१ चा गोल सगळीकडे सरसकट १११.१९ धरतो. लंडन-न्यूयॉर्कचा मार्ग पन्नाशीच्या अक्षांशात बहुतेक पूर्व-पश्चिम जातो. तिथे त्या दिशेने पृथ्वीची वक्रता ६,३९० किमी त्रिज्येच्या गोलासारखी असते. ६,३७१ घेतल्यावर उत्तर पाव टक्क्याने कमी येणारच. याच्या उलट, विषुववृत्त ओलांडून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मार्गाला गोलाचं सूत्र अंतर जास्त दाखवतं. म्हणून 'गोलाच्या उत्तरात इतके टक्के मिळवा' असा सरसकट उपाय चालत नाही.

अचूक हवं असेल तर चपट्या गोलावरचं सूत्र घ्या. व्हिन्सेंटी यांची १९७५ ची पद्धत सगळीकडे मिळते. त्यात उत्तर एका झटक्यात येत नाही. आधी अंदाज धरायचा, तो सुधारायचा, पुन्हा सुधारायचा, बदल नगण्य होईपर्यंत. साधारणपणे चार-पाच फेऱ्यांत मिलिमीटरपर्यंत अचूक उत्तर मिळतं. फक्त दोन ठिकाणं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना असली, स्पेन आणि न्यूझीलंडसारखी, तर ती पद्धत घुटमळत राहते, उत्तरावर येतच नाही. कार्नी यांनी २०१३ मध्ये मांडलेली पद्धत तिथेही चालते, आणि आता बऱ्याच भूगणिती लायब्ररींमध्ये तीच असते. पायथॉन येत असेल तर चाळीस जोड्या पाच ओळींच्या प्रोग्रॅममध्ये होतील. तिथे अंतर मीटरमध्ये मिळतं, हजाराने भागायला विसरू नका.

एक्सेलमध्येच राहायचं असेल तर आणखी एक जपा. एक्स आणि वाय वरून कोन काढणारं एटॅन-टू हे फंक्शन अशा सूत्रांत येतं; बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये त्याला आधी वाय द्यायचा असतो, मग एक्स. एक्सेलमध्ये क्रम उलटा, आधी एक्स मग वाय. इंटरनेटवरचं सूत्र जसंच्या तसं चिकटवलं की दिशा चुकते, कधी कधी अंतरही, आणि एरर मात्र येत नाही.

शिकाऊ

मध्येच विचारतोय, माफ करा. हे सगळं कशाला लागतं? अक्षांशांतला फरक, रेखांशांतला फरक आणि पायथागोरस, इतकं पुरत नाही का? आणि विमानाचा मार्ग नकाशावर नेहमी वाकडा का दाखवतात, सरळ का जात नाहीत?

गणिताच्या_बाई

माफी कसली, प्रश्न अगदी मुळातलाच आहे. आधी पायथागोरस करून बघू. लंडन-न्यूयॉर्कचा अक्षांश-फरक १०.८४ अंश. रेखांश-फरक ७३.३२ अंश, पण रेखांशांमधलं अंतर ध्रुवांकडे आकसत जातं, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. होतात ५०.८८. दोन्हींच्या वर्गांची बेरीज, वर्गमूळ ५२.०२ अंश, म्हणजे ५,७८४ किमी. खरं अंतर ५,५५४. आकसणं लक्षात घेऊनही २३० किमी जास्त आले. एकाच शहरातल्या दोन ठिकाणांसाठी पायथागोरस खुशाल वापरा, महासागरापलीकडे नको.

आता वाकडा मार्ग. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. सिडनी आणि सँटियागो दोन्ही ३३ ते ३४ दक्षिण अक्षांशांदरम्यान आहेत, म्हणजे जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर. सपाट नकाशावर पाहिलं तर सरळ पूर्वेला जायचं असं वाटतं. तो मार्ग भरतो १२,७७० किमी. आता दोऱ्याचं एक टोक सिडनीवर दाबा, दुसरं सँटियागोवर, आणि ताणा. दोरा आपोआप खाली घसरतो, दक्षिणेकडे. मध्यावर तो जवळपास ६२ दक्षिण अक्षांशाला पोचतो, अंटार्क्टिकाच्या उंबरठ्यावर. आणि लांबी भरते ११,३४०. चौदाशे किलोमीटरपेक्षा जास्त वाचले.

ताणलेला दोरा ज्या वर्तुळाचा भाग असतो त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशीच असतो. शाळेत आपण त्याला बृहद्‌वृत्त म्हणतो. विषुववृत्त हे बृहद्‌वृत्त आहे, बाकीची अक्षवृत्तं नाहीत. म्हणून अक्षवृत्ताला धरून चालणं म्हणजे वळसाच. दोरा सरळच असतो, गोल सपाट करताना नकाशा त्याला वाकवतो.

लंडनहून न्यूयॉर्कला निघतानाची दिशा २८८ अंश येते, म्हणजे पश्चिमेपेक्षा अठरा अंश उत्तरेकडे. न्यूयॉर्क लंडनच्या अकरा अंश दक्षिणेला असूनही! मार्ग आधी ५३.७ उत्तरेपर्यंत चढतो आणि मग खाली उतरतो. मुलांना हे फक्त तोंडी सांगितलं तर पटत नाही, दोरा हातात दिला की एका मिनिटात पटतं.

शिकाऊ

दोरा ताणून बघितला. खरंच घसरतो! शाळेत हे कधी कुणी दाखवलं नव्हतं.

उड्डाण_नियोजन

मी विमानांचे उड्डाण आराखडे तयार करण्याचं काम करतो. इथपर्यंतची चर्चा फार आवडली, पण तुमच्या हिशोबासाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. तुम्ही जे काढलंत ते दोन बिंदूंमधलं किमान अंतर. विमान तेवढंच उडालं असा दिवस जवळजवळ नसतोच.

आधी ते बिंदू कुठले ते बघा. माहितीपत्रकातला आकडा विमानतळाच्या संदर्भबिंदूचा असतो, तो धावपट्ट्यांच्या साधारण मध्यावर कुठेतरी धरलेला. विमान त्या बिंदूवरून उडत नाही आणि त्यावर उतरतही नाही. उड्डाणानंतर वाऱ्याच्या दिशेप्रमाणे कधी उलट्या बाजूला जाऊन वळावं लागतं, उतरताना रांगेत घिरट्या होतात. लांबच्या प्रवासात हे किरकोळ, पण चारशे किलोमीटरच्या प्रवासात त्याचं प्रमाण चांगलंच डोळ्यात भरतं.

दुसरं म्हणजे वारा. उत्तर अटलांटिकवर विमानांसाठी रोज नवे मार्ग आखले जातात, पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे वेगळे, पूर्वेकडे जाणाऱ्यांचे वेगळे. वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो. पूर्वेला जाणारे त्यात शिरतात, पश्चिमेला जाणारे तो टाळतात. दोघेही बृहद्‌वृत्त सोडतात आणि दोघांनाही ते परवडतं. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी त्याला साडेसहा तास सहज लागतात.

आमच्या कामात जमिनीवरचे मैल वेगळे आणि हवेतले मैल वेगळे. इंधन हवेतल्या मैलांना लागतं. लंडन-न्यूयॉर्क जमिनीवर २,९९९ नॉटिकल मैल. विमानाचा हवेतला वेग ४८० नॉट, म्हणजे तासाला ४८० नॉटिकल मैल धरा. सगळ्या वाटेवर १०० नॉटचा वारा पाठीशी असेल तर हवेतले मैल होतात २,४८२. तोच वारा समोरून आला तर ३,७८८. नकाशावर अंतर तेच, आणि जाण्यायेण्यात तेराशे मैलांचा फरक. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली तेव्हा मार्ग सुमारे १३,९०० वरून १५,३०० किमीवर गेला आणि वेळ मात्र कमी झाला, कारण वारा पाठीशी आला. या दोन शहरांमधलं किमान अंतर तर साधारण १२,४००च आहे.

तिसरं, बंद आकाश. २०२२ मध्ये रशियाचं हवाई क्षेत्र बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियो विमानं कधी उत्तर ध्रुवाकडून, कधी दक्षिणेकडून वळसा घालून जाऊ लागली. साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. दोन्ही विमानतळ जागचे हलले नाहीत, तुमच्या शीटमध्ये अंतर तेच राहील.

नकाशावेडा

हे वाचून जरा घाबरलो. मग उत्सर्जनाच्या हिशोबाला मी कुठलं अंतर धरायचं? प्रत्येक उड्डाणाचा खरा मार्ग मला कुठून मिळणार?

उड्डाण_नियोजन

घाबरायचं कारण नाही. हिशोबाच्या पद्धती ठरवणाऱ्यांनी याचा विचार केलेला आहे. आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, कार्बन पद्धतीत बृहद्‌वृत्ताच्या अंतरात ठरावीक वाढ करतात. ५५० किमीपेक्षा कमी असेल तर ५० मिळवायचे, ५५० ते ५,५०० पर्यंत १००, त्यापुढे १२५. लंडन-न्यूयॉर्क ५,५५४ आहे, म्हणजे ५,६७९ धरायचं. युरोपीय संघाच्या उत्सर्जन व्यापारात सगळ्यांना सरसकट ९५ किमी मिळवतात. तुमच्या ऑफिसने कुठली पद्धत मान्य केलीय ते आधी विचारा, आणि तीच चाळीसही जोड्यांना लावा. दोन पद्धती एका यादीत मिसळू नका.

भूमापक

याला जोडून, ५,५०० सारख्या सीमेजवळच्या जोड्या गोलाच्या सूत्राने काढू नका. तिथे १५-२० किमीने गट बदलतो. विमानाला उशीर झाल्यावर भरपाई देण्याच्या युरोपीय नियमातही १,५०० आणि ३,५०० किमी अशा सीमा आहेत, आणि अंतर बृहद्‌वृत्तानेच मोजायचं असं नियमातच लिहिलंय. मध्ये विमान बदललं असलं तरी पहिल्या विमानतळापासून शेवटच्यापर्यंतचं थेट अंतर धरायचं, असं युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं. उत्सर्जनाला मात्र प्रत्येक टप्पा वेगळा मोजायचा, कारण इंधन प्रत्येक टप्प्याला जळलेलं असतं.

उत्तरायण

मैलांचंही लिहून ठेवा. वैमानिकांचा मैल नॉटिकल, १.८५२ किमी. विमान कंपन्यांच्या पॉइंट्समधला मैल साधारणपणे जमिनीवरचा, १.६०९. मागे एका यादीत दोन्ही मिसळले होते आणि ते शोधताना माझा अख्खा दिवस गेला होता. २,९९९ आणि ३,४५१ हे दोन्ही आकडे लंडन-न्यूयॉर्कचेच आहेत.

नकाशावेडा

मंडळी, आज काम संपलं, म्हणून लिहितोय.

ऑफिसने आयकाओची पद्धत मान्य केली. अंतरं डब्ल्यूजीएस ८४ वर काढली. गोलाचं उत्तर शेजारच्या कॉलममध्ये ठेवलंय आणि दोहोंत अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त फरक आला तर सेल लाल होतो. काटेकोर यांची विषुववृत्ताची चाचणी पहिल्या ओळीत कायम आहे. चपट्या गोलावर तिचं उत्तर १०,०१८.७५ येतं आणि ध्रुवापर्यंतचं १०,००१.९७, म्हणजे तिथे दोन्ही सारखे येत नाहीत हेही कळलं.

मग सोळा जोड्यांची ती युक्ती सगळ्या यादीवर लावली. दशांशानंतरच्या दोन-दोन अंकांत ६० किंवा जास्त कुठे आहे ते शोधणारं साधं सूत्र. बहुतेक ओळींत एकही सापडला नाही, म्हणजे त्या सगळ्या माझ्या हातून तशाच बिघडल्या होत्या. त्या बदलल्या. पण तीन विमानतळांच्या ओळींत ७४, ८८, ९१ अशा जोड्या निघाल्या. ते तीन मी दुसऱ्या एका यादीतून उचलले होते, तिथे आधीच खरे दशांश होते. सरसकट ६० ने भागत गेलो असतो तर बरोबर असलेले तेवढे तीनही बिघडवले असते. त्यांना हात लावला नाही, फक्त शेजारच्या सेलमध्ये कुठून घेतले ते लिहून ठेवलं.